इमान नवे करताना : वऱ्हाडातील तजदीदचा मागोवा

'इमान' हा शब्द मराठी माणूस रोज वापरतो आणि तो परका आहे असे त्याला कधी वाटत नाही. इमानेइतबारे केलेली चाकरी, मातीशी राखलेले इमान, खाल्ल्या मिठाशी केलेली बेइमानी, या साऱ्या प्रयोगांत शब्दाचा रोख माणसाने माणसाशी किंवा भूमीशी राखलेल्या निष्ठेकडे असतो. मूळ अरबीत मात्र ईमान म्हणजे श्रद्धा : अल्ला, त्याचे देवदूत, त्याचे ग्रंथ, त्याचे प्रेषित, अंतिम दिवस आणि दैव यांवरची श्रद्धा. ज्या धातूपासून 'अमन' म्हणजे निर्भयता आणि 'अमानत' म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव हे शब्द आले, त्याच धातूपासून ईमानही आले. मराठीने त्यातला विश्वास ठेवून घेतला आणि ईश्वर बाजूला ठेवला, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

असे शब्द थोडेथोडके नाहीत. माधव जूलियन यांचा १९२५ चा फारशी-मराठी कोश चाळताना त्यांची गर्दीच समोर येते. सूफींच्या परिभाषेत 'हाल' ही साधकाच्या अंतःकरणाला लाभणारी अवस्था. मराठीत मात्र माणसाचे हाल होतात. 'हिंमत' म्हणजे चित्ताची ईश्वराकडे लागलेली एकाग्र ओढ; मराठीत ती केवळ धाडसाची झाली. 'हक्क' हे सत्याचे आणि ईश्वराचे नाव. मराठीत त्याचा सातबाऱ्यावरचा अधिकार झाला. ईश्वराच्या स्मरणाला पारखा झालेला तो 'गाफील'. आपल्याकडे पहाऱ्यावर डुलकी घेणारा तो गाफील. 'उरूस' म्हणजे वलीच्या आत्म्याचे परमेश्वराशी झालेले मीलन, शब्दशः लग्न. मराठीत ती जत्रा झाली. आणि 'नियत तशी बरकत' ही अस्सल मराठी म्हण तर दोन अरबी धर्मसंज्ञा एका मराठी 'तशी'ने जोडून तयार झालेली आहे.

शब्दांचा हा प्रवास आम्ही भाषेचे शिक्षक 'अर्थविस्तार' किंवा 'अर्थांतर' या सदरात शिकवतो आणि पुढे जातो. पण ज्यांच्या घरात या शब्दांचा मूळ धर्मार्थ अजून जिवंत आहे, अशी मराठी बोलणारी मुसलमान माणसे याच भूमीवर राहतात. त्यांच्यासाठी इमान हा कोशातला शब्द नाही. ते पहाटे उठून नवे करायचे काहीतरी आहे. इस्लामी परंपरेने या नवे करण्याला 'तजदीद' असे नाव दिले आहे. ही तजदीद वऱ्हाडात कशी घडली, कोणत्या भाषेत घडली आणि तिच्यात मराठीचा वाटा किती, हा या लेखाचा विषय आहे.

आधी संकल्पना पाहू. अबू दाऊद यांच्या संग्रहातील एका हदीसनुसार प्रत्येक शतकाच्या आरंभी अल्ला या समाजासाठी धर्म नवा करणारा कोणी पाठवतो. असा पुरुष तो 'मुजद्दिद'. ही तजदीद इतिहासाच्या मापाची आहे. दुसरी तजदीद एकट्या माणसाच्या मापाची आहे. प्रेषितांनी आपल्या सोबत्यांना आपले ईमान नवे करत राहण्यास सांगितले. ते कसे करावे असे विचारल्यावर 'अल्लाखेरीज कोणी पूज्य नाही' हा कलमा वारंवार उच्चारावा असे उत्तर दिले, अशी एक हदीस 'मुस्नद अहमद'मध्ये येते. तिच्या प्रमाणतेविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी तिचा आशय मुसलमान समाजाच्या अंगवळणी पडला आहे. कपडा जसा वापराने विटतो तसे ईमानही विटते, अशी ही समजूत आहे.

पण ईमान खरोखर कमीजास्त होते का? यावर इस्लामी विद्वानांत मोठा वाद झाला. इमाम बुखारी (निधन ८७०) यांचे मत असे की ईमान म्हणजे वाणी आणि कृती, आणि ते वाढते व घटते. इमाम अबू हनीफा (निधन ७६७) यांचे मत वेगळे. ईमान म्हणजे अंतःकरणाने दिलेला होकार. तो एक तर असतो किंवा नसतो. कर्मे कमीजास्त होतात, होकार होत नाही. त्या अर्थी पंडिताचे ईमान आणि अडाण्याचे ईमान सारखेच. वऱ्हाडातील बहुसंख्य मुसलमान हनफी पंथाचे आहेत, म्हणजे याच अबू हनीफांचे अनुयायी आहेत. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता भूमीकडे वळू. वऱ्हाडात हिवरखेड नावाचे गाव एकच नाही; अमरावती जिल्ह्यात मोर्शीकडेही एक आहे. आमच्या डोळ्यांसमोर आहे ते अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातले हिवरखेड. उत्तरेला सातपुड्याची रांग, दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अकोल्याहून अकोटमार्गे खंडव्याला जाणारी जुनी मीटरगेज गाडी याच गावावरून जात असे. या गावाला केंद्र मानून भोवती नजर फिरवली की आमच्या विषयाची तीन ठिकाणे दिसू लागतात : पूर्वेला डोंगरावर नरनाळा, दक्षिणेला बाळापूर, आणि सातपुड्याच्या कडेने पश्चिमेला गेले की तापीकाठचे बुऱ्हाणपूर.

नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावर हिजरी ८९२ म्हणजे इसवी १४८७ चा शिलालेख आहे. बहमनी सुलतान महमूदशहाच्या काळात फतहउल्ला इमादउल्मुल्क याने तो दरवाजा उभारला. अक्षरे सुंदर आहेत आणि त्यांत कुराणातील वचनेही आहेत. हा फतहउल्ला जन्माने कानडी हिंदू. लहानपणी पकडला जाऊन मुसलमान झाला, आणि पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक ठरला, असे इतिहास सांगतो. दगडावर कोरलेले हे ईमान मात्र राज्याचे आहे. ते येणाऱ्याजाणाऱ्याला सत्ता कोणाची हे सांगते; पायथ्याच्या कास्तकाराच्या अंतःकरणाशी त्याला फारसे कर्तव्य नाही. नवे करण्याची गरजही त्याला नाही, कारण दगड विटत नाही. त्याच किल्ल्यावर वाघावर स्वार होणाऱ्या एका वलीची, बागसवार वलीची, कबर आहे. शिलालेख वाचू शकणारे थोडे आणि कबरीपाशी डोके टेकणारे पुष्कळ, हे अंतर वऱ्हाडातील इस्लामच्या इतिहासात आरंभापासून आहे.

तजदीदची खरी चळवळ या मुलखात आली ती सतराव्या शतकात, बुऱ्हाणपूरच्या वाटेने. शेख अहमद सरहिंदी (१५६४-१६२४) यांना त्यांच्या अनुयायांनी 'मुजद्दिद-ए-अल्फ-ए-सानी' म्हणजे दुसऱ्या सहस्रकाचा नूतनकर्ता असे म्हटले. हिजरी सनाचे हजारावे वर्ष १५९१ मध्ये सुरू झाले होते, आणि काळ जुना झाला, धर्म विटला, ही भावना सर्वत्र होती. सरहिंदींनी आपले म्हणणे मुख्यतः पत्रांतून मांडले. बुऱ्हाणपूर हे तेव्हा मोगलांच्या दख्खनचे मुख्य ठाणे होते. तेथे सरहिंदींचे खलिफा मीर मुहम्मद नुमान होते आणि ख्वाजा हाशिम किश्मीही होते. पत्रांचा तिसरा खंड किश्मींनी सिद्ध केला आणि 'झुब्दतुल मकामात' हे गुरुचरित्रही लिहिले. सरहिंदींच्या पत्रांत हिंदूंविषयी कडवट मजकूर आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांच्या प्रतिमेचा राजकीय भाग बराचसा नंतरच्या काळाने घडवलेला आहे, त्यांचा मूळ व्याप साधनेचा होता, हे योहानान फ्रीडमन यांनी १९७१ च्या अभ्यासात दाखवले, हेही तितकेच नोंदवायला हवे.

याच पत्रांत वर सांगितलेल्या वादावरचे एक मार्मिक उत्तर आहे. सरहिंदी स्वतः हनफी. ईमान वाढत नाही, हे इमामांचे मत त्यांना मान्य. पण मग साधना कशासाठी? त्यांनी आरशांचा दृष्टान्त घेतला. दोन आरसे आकाराने सारखे असतात. एक अधिक घासलेला, म्हणून अधिक उजळ. पाहणारा म्हणतो, हा मोठा. जाणणारा म्हणतो, दोन्ही सारखेच, फरक तेजाचा आहे. म्हणजे तजदीदमध्ये नवा आरसा आणायचा नसतो. असलेला घासायचा असतो.

बुऱ्हाणपूरच्या या वातावरणाचा विस्तार म्हणून बाळापूरकडे पाहावे लागते. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचे हे गाव सय्यद इनायतुल्ला (निधन १७०५) यांच्यामुळे नक्शबंदी परंपरेचे पीठ झाले. त्यांचे नातू कमरुद्दीन औरंगाबादी (निधन १७७९) यांनी अस्तित्वाच्या एकत्वावर अरबीत 'मजहरुन्नूर' लिहिले. नक्शबंदींची साधना गाजावाजाची नाही. त्यांचा जिक्र मुका, श्वासागणिक मनात चालणारा. 'खिल्वत दर अंजुमन' म्हणजे गर्दीत राहून एकान्त, आणि 'सफर दर वतन' म्हणजे घरी राहून प्रवास, ही त्यांची सूत्रे. प्रपंच न सोडता नाम घेणाऱ्या वारकऱ्याला ती परकी वाटू नयेत. पण साम्य दाखवून थांबणे ही आमच्या अभ्यासातली जुनी सवय आहे. खरा प्रश्न असा की बाळापूरच्या खानकाहमधली फारशी आणि अरबी आसपासच्या खेड्यांतल्या विणकराला, पिंजाऱ्याला, मुलाण्याला कितपत पोचत होती?

खेड्यातल्या या माणसाचे ईमान वेगळ्या आधारांवर उभे होते. मुलाणी हा गावगाड्यातला बलुतेदार. बकरे हलाल करणे हे त्याचे काम, आणि त्याबद्दल हिंदू कुणब्याच्या खळ्यातून त्याला धान्याचा वाटा मिळे. धर्मकृत्याचेच बलुते झाले होते. निकाह, खतना, जनाजा, पिराची कंदुरी, मोहरमच्या सवाऱ्या एवढ्यात वर्ष सरे. सातपुड्याच्या पायथ्याने राहणाऱ्या तडवी भिल्लांचा इस्लाम तर आणखी सैल विणीचा. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज अधिकाऱ्यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या जातिजमातींचे वर्णन करताना (रसेल व हिरालाल, १९१६) खेड्यातले मुसलमान हिंदू रीतिरिवाज पाळतात याची नोंद केली. तेव्हापासून 'नावापुरते मुसलमान' हा शिक्का रूढ झाला. गंमत अशी की हा शिक्का नंतर दोन विरुद्ध पक्षांनी उचलला. सुधारकाने म्हटले, हे नावापुरते आहेत म्हणून यांना खरे मुसलमान केले पाहिजे. समन्वयवाद्याने म्हटले, हे नावापुरते आहेत म्हणूनच ते आपले आहेत.

आम्हांला हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे वाटतात, आणि त्याचे कारण अबू हनीफांच्या मतात आहे. ईमान म्हणजे अंतःकरणाचा होकार असेल आणि तो विद्येने कमीजास्त होत नसेल, तर कलम्यापलीकडे अरबीचे अक्षर न येणाऱ्या म्हातारीचे ईमान बाळापूरच्या सज्जादानशिनाच्या ईमानाहून उणे नाही. तिला 'नावापुरती' म्हणण्याचा अधिकार जनगणनेच्या कारकुनाला नाही, मौलवीला नाही आणि साहित्याच्या प्राध्यापकालाही नाही. तिचा आरसा अखंड आहे. प्रश्न घासण्याचा आहे, आणि घासायचे ते कोणत्या भाषेच्या वस्त्राने, हा.

या भाषेच्या प्रश्नाचा स्वतंत्र इतिहास आहे. अरबी न येणाऱ्याने नमाजात कुराणाचा फारशी अर्थ म्हटला तर चालेल, असे मत खुद्द अबू हनीफांच्या नावावर सांगितले जाते. पुढे त्यांनी ते मागे घेतले, असेही परंपरा सांगते. नमाजाची भाषा अरबीच राहिली, पण समजुतीची भाषा बदलत गेली. दिल्लीत शाह वलीउल्ला (१७०३-१७६२) यांनी कुराण फारशीत आणले. त्यांचे पुत्र शाह रफीउद्दीन आणि शाह अब्दुल कादिर यांनी ते उर्दूत आणले. नातू शाह इस्माईल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उर्दूत एक पुस्तक लिहिले. त्याचे नावच 'तक्वियतुल ईमान' म्हणजे श्रद्धेचे दृढीकरण. पीर, कबर, नवस यांवर त्याने कठोर टीका केली. त्याला प्रखर विरोधही झाला. वलींविषयीच्या आदराच्या बाजूने अहमद रजा खान बरेलवी (१८५६-१९२१) यांनी मोठी फळी उभारली. ईमान दृढ करायचे यावर दोन्ही पक्षांचे एकमत होते. दर्ग्यावरची चादर ईमानाला घासते की मळवते, एवढाच वाद होता, आणि हा वाद आजही वऱ्हाडातल्या गावागावांत, कधी एकाच घरात, चालू आहे.

१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. शाळा निघाल्या, छापखाने आले. धर्माचे पुस्तक मदरशातून बाहेर पडून बाजारात आले, पण ते बहुतांशी उर्दूत. विसाव्या शतकात तजदीदची दोन मोठी रूपे पुढे आली. एक मौलाना मुहम्मद इलियास (१८८५-१९४४) यांचे. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात मेवातच्या शेतकऱ्यांत त्यांनी तबलीगचे काम सुरू केले. मेव लोकही 'नावापुरते' म्हणवले जाणारे. कलमा, नमाज, ज्ञान व जिक्र, मुसलमानाचा आदर, नियतीची शुद्धता आणि धर्मासाठी वेळ काढणे, अशी साधी सूत्रे. तीन दिवस, चाळीस दिवस, चार महिने घर सोडून फिरण्याची रीत. घर सोडून, पदरचे खाऊन, मशिदीत पथारी टाकून राहणारा हा माणूस दुसऱ्याला शिकवायला निघतो आणि खरे तर स्वतः शिकत असतो. दुसरे रूप मौलाना मौदूदी यांचे. त्यांचा जन्म १९०३ मध्ये औरंगाबादचा. १९४० च्या सुमारास त्यांनी 'तजदीद व इह्या-ए-दीन' लिहिले आणि १९४१ मध्ये जमाते इस्लामी स्थापन केली. इलियासांची तजदीद माणसाच्या दिनक्रमात शिरते. मौदूदींची संपूर्ण समाजव्यवस्थेला हात घालते. पहिलीवर समाजाच्या प्रश्नांकडे पाठ फिरवल्याचा आक्षेप आहे, दुसरीवर धर्माचे राजकारण केल्याचा. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. पण या दोघांमुळे सामान्य मुसलमानाने धर्म ऐकण्यापेक्षा समजून घेण्यास आरंभ केला, हेही खरे आहे.

या सर्व प्रवासात मराठी कोठे होती? ती होती, आणि फार आधीपासून होती. सतराव्या शतकातच, बुऱ्हाणपुरात सरहिंदींची फारशी पत्रे वाचली जात असताना, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १६४५ मध्ये मराठी ओवीत 'योगसंग्राम' पूर्ण केला. आत्म्याने षड्रिपूंशी मांडलेले हे युद्ध आम्ही वर्गात भागवत परंपरेच्या चौकटीत शिकवतो, आणि ती चौकट चुकीची नाही. परंतु स्वतःला उघडपणे 'अविंध' म्हणवणाऱ्या, कादरी परंपरेशी नाते सांगणाऱ्या या कवीच्या मनात नफ्सशी, म्हणजे अहंवासनेशी, करायच्या मोठ्या झुंजीची इस्लामी कल्पना वावरत नसेल काय, हा प्रश्न आम्ही विद्यार्थ्यांपुढे क्वचितच ठेवतो. शेख महंमद आम्हांला प्रिय आहेत ते ते 'आपल्यासारखे' झाले म्हणून. त्यांचे मुसलमान असणे आम्ही अडचणीसारखे ओलांडतो. तिकडे तजदीदचा कडवा पुरस्कर्ता त्याच कवीला भरकटलेला म्हणून ओलांडतो. दोन बाजूंनी ओलांडला गेलेला हा कवी मधल्या जागेत एकटा उभा आहे, आणि त्याच्या शेजारी आज अकोट-तेल्हाऱ्याकडून महाविद्यालयात येणारी आमची मुसलमान विद्यार्थिनीही उभी आहे. तिचा धर्म उर्दूत, तिचा अभ्यास मराठीत, आणि या दोहोंना जोडणारा धडा अभ्यासक्रमात नाही.

विसाव्या शतकात हा दुवा जोडण्याचे प्रयत्न झाले. सेतुमाधवराव पगडींनी सूफी संप्रदायाचा परिचय मराठीला करून दिला. वर्ध्याजवळच्या पवनारला राहणाऱ्या विनोबांनी अरबी शिकून, वर्षानुवर्षे कुराण वाचून वेचे निवडले. ते 'कुराण-सार' या नावाने १९६० च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध झाले. कुराणाचे मराठी अनुवाद निघाले. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करून दुसरी वाट धरली. ती विवेकाची आणि कायद्याची होती, ईमानाच्या नूतनीकरणाची नव्हती, आणि तिचे मूल्य त्या वाटेवरच मोजले पाहिजे. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, फ. म. शहाजिंदे अध्यक्ष होते, आणि या चळवळीमागे फक्रुद्दीन बेन्नूर यांच्यासारखे अभ्यासक होते. मराठी ही आमचीही भाषा आहे, हे तिथे ठामपणे सांगितले गेले. बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याच्या अजीम नवाज राही यांची कविता याच ठाम भूमीवर वऱ्हाडात उभी राहिली.

तरीही एक उणीव राहते. या साहित्याने दारिद्र्य, दंगल, संशय, स्त्रीचे दुःख हे सारे मांडले. पहाटेच्या अंधारात वुजू करताना माणसाच्या आत काय होते, रमजानच्या उत्तरार्धात थकलेल्या शरीरातून श्रद्धा कशी पुन्हा उजळते किंवा उजळत नाही, शंका आलेला तरुण पुन्हा सजद्यात कसा वाकतो, हे मराठीत फार थोडे आले. तुकोबांच्या आर्ततेवर पोसलेल्या भाषेला हे पेलणार नाही असे कोण म्हणेल? अडचण भाषेची नाही. मराठी वाचक मुसलमानाची व्यथा ऐकायला तयार आहे. त्याच्या भक्तीपुढे मात्र तो संकोचतो, आणि हा संकोच लेखकालाही कळतो.

या संकोचाची किंमत दोन्हीकडे मोजावी लागते. ईमानाची चर्चा मराठीत झाली नाही तर ती थांबत नाही. ती दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या मुलखातल्या माणसांच्या तोंडून, आता मोबाइलच्या पडद्यावरून होते. तिथे बोलणाऱ्याला ना मुलाण्याचे बलुते माहीत, ना नरनाळ्यावरची कबर, ना कंदुरीचे जेवण. त्याला आपल्या गावची म्हातारी अडाणी वाटते आणि तिच्या नातवालाही ती तशी वाटू लागते. तजदीदच्या नावाखाली आरसाच टाकून दिला जातो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. 'योगसंग्राम' शिकवताना एक तास ईमान या संकल्पनेला द्यावा. अबू हनीफा आणि बुखारी यांचा वाद, सरहिंदींचा आरसा आणि बाळापूरचा मुका जिक्र विद्यार्थ्यांना सांगावा. अर्थांतराचा पाठ घेताना 'हाल' आणि 'हिंमत' यांच्या मूळ अर्थापाशी थोडे थांबावे. आणि 'नियत तशी बरकत' ही म्हण आली की वर्गातल्या मुसलमान विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला विचारावे की नमाजाला उभे राहण्याआधी जी नियत करायची असते ती नेमकी काय असते. बुखारींचा हदीससंग्रह याच शब्दापासून, कर्मे नियतीवर अवलंबून असतात या वचनापासून, सुरू होतो. सांगणे न सांगणे अर्थात त्यांच्या मर्जीवर. पण विचारले गेले, तर त्या मुलीला आपल्या घरचा शब्द आणि आपल्या विषयाचा शब्द एकच आहे हे मराठीच्या वर्गात प्रथमच कळेल, आणि तिच्या शेजारी बसलेल्यांनाही आपण रोज उच्चारतो त्या शब्दाचे दुसरे अर्धे हाती लागेल.